घमापुरातला ळ

16 जून 2025

आज चिमीची शाळा उघडली. केजी वन. नवं दप्तर, नवी बाटली, आणि पहिल्याच दिवशी घरी करायचा कागद: ठिपक्यांवरून चार ओळी आडव्या रेघा, चार ओळी उभ्या, खाली दोन ओळी इंग्रजी ए. वय साडेचार वर्षं.

संध्याकाळी तिला पाटावर बसवलं. तिसऱ्या ओळीला पेन्सिलीचं टोक मोडलं, चौथीला ती रडली. पाचवीपासून मी तिचा हात धरून काढलं, म्हणजे मीच काढलं. सासूबाई वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "कागद तर तुझा पुरा झाला. पोरीचा कधी होणार?"

मी नागपूरला डी.एड. केलं. नोकरी लागली नाही, शिवणकाम हाताला लागलं. लग्न होऊन जबलपूरच्या घमापुरात आले त्याला नऊ वर्षं झाली. बालमानसशास्त्राच्या पेपरला बरे मार्क होते मला. आज त्यातलं काही आठवलं नाही, फक्त तिच्या मुठीतला घाम हाताला लागला.

ही शंभर पानी वही मापांसाठी आणली होती. थोडी पानं इकडे वळवते. रोज लिहीन असं नाही.

18 जून

वर्गशिक्षिकेनं बोलावलं होतं. बाई वाईट नाहीत, पण समोर चाळीस पोरं. म्हणाल्या, "घर में मराठी बोलते हैं न आप लोग? इसीलिए बच्ची कन्फ्यूज होती है. हिन्दी-इंग्लिश बोला कीजिए." मी "जी" म्हणून उठले. घरी येईपर्यंत त्या "जी"चा राग येत राहिला.

घमापुरात पोराला हिंदी कुणी शिकवावी लागत नाही. दूधवाला, भाजीचा ठेला, ई-रिक्शा, मागच्या अंगणातली पोरं, सगळीकडून ती पावसासारखी येते. चिमी गल्लीत खेळताना "काए बड्डे" म्हणते आणि आत येऊन मला "आई, पाणी दे" म्हणते. दोन दारांना दोन किल्ल्या असाव्यात तशी. मराठी मात्र फक्त या चार भिंतींतून येते. आम्हीच तोंड मिटलं तर तिला ती कोण देणार?

आणि भाषा बदलली म्हणून समज काही पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही. गोष्टीला सुरुवात असते, मध्ये काहीतरी अडतं, शेवटी सुटतं, हे पोराला एकदा मराठीत कळलं की हिंदीत फक्त शब्द शोधायचे उरतात. सासरे हिंदी शाळेत शिकले, घरी मराठी बोलले, आणि उभी नोकरी व्हेइकल फॅक्टरीत इंग्रजी ड्रॉइंगवर काढली. 1956 पर्यंत तर नागपूरच या प्रांताची राजधानी होती. हिंदी आणि मराठी एकाच कचेरीत शेजारी बसत. तेव्हा कुणी गोंधळल्याचं ऐकलं नाही.

हे सगळं मला बाईंसमोर सुचायला हवं होतं.

22 जून, रविवार

भावानं पुण्याहून माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं पाठवली होती, 'राधाचं घर'. चित्रंही त्यांचीच. घरातली माणसं, छोटी वाक्यं, मोठी चित्रं. दुपारी चिमीला मांडीत घेऊन बसले आणि पहिल्या पानापासून चूक सुरू केली.

"हे काय आहे? याचा रंग कुठला? किती आहेत, मोज बरं. हे अक्षर कुठलं?" चौथ्या प्रश्नाला तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "हे शाळेचं आहे."

रात्री पुन्हा घेतलं. ठरवलं की एकही प्रश्न विचारायचा नाही. वाचलं आणि पानावर थांबले. मनात पाच आकडे मोजले. मला वाटलं त्यापेक्षा पाच आकडे फार लांब असतात. चौथ्या आकड्याला ती बोलली: "या आजीचा चष्मा आमच्या आजीसारखा नाही." मग तिच्या आजीचा चष्मा कसा, तो कुठे हरवतो, फ्रिजवर कसा सापडतो, हे सगळं आलं. एका पानाला दहा मिनिटं लागली. मी मध्ये फक्त "हं", "मग?" आणि एकदा "खरंच?" एवढंच म्हटलं.

डी.एड.ला याला काहीतरी नाव होतं. आमच्या घरात याला गप्पा म्हणतात. फक्त मधोमध पुस्तक उघडं असतं.

26 जून

चिमी रुसून आली. शाळेत बाई म्हणाल्या, "गिलास खाली करो." हिनं पेला उचलून खाली, जमिनीवर ठेवला. पोरं हसली.

हसले मीही, पण तोंड फिरवून. मग आम्ही दोघींनी असे शब्द जमवले, जे इकडे एक आणि तिकडे दुसरंच. खाली. शिक्षा: हिंदीत शिकणं, मराठीत मार. सासूबाईंनी 'चेष्टा' दिला: हिंदीत प्रयत्न, आपल्यात थट्टा. चिमीला हे जादूच्या खोक्यासारखं वाटलं. रात्री बाबांना म्हणाली, "बाबा, तुमचा डबा हिंदीत खाली आहे का मराठीत?"

शब्द म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूला चिकटवलेली चिठ्ठी, आणि ती बदलता येते, हे तिला आज कळलं. एका भाषेच्या पोराला हे कळायला वेळ लागतो. गोंधळ म्हणतात तो हाच असेल तर असू दे.

30 जून

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचे दोन्ही शासन निर्णय काल मागे घेतले. वहिनीचा फोन, खुशीत होती. मी ऐकलं. इथून ते भांडण वेगळंच दिसतं. तिकडे पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा नको म्हणून लोक रस्त्यावर. इकडे पहिली भाषा घरातून जाऊ नये म्हणून मी एकटी स्वयंपाकघरात. दोन्हीकडे मुद्दा एकच, की लहान पोराला अक्षर त्याच्या तोंडच्या भाषेतून भेटावं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही जमेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असं लिहिलंय. जमेल तिथे. घमापूर त्या "जमेल तिथे"च्या बाहेर पडतं.

4 जुलै

चिमी वाचते! म्हणजे वाचत नाही, पण वाचते. शाळेतून येताना ई-रिक्शात बसून बोटानं दाखवत होती: "चाय." "दवाई." "पंचर." पंचरच्या दुकानाला तर नुसते टायर टांगलेले असतात, पाटी वाचायची गरजच नाही. बिस्किटाच्या पुड्यावर बोट ठेवून "पार्ले-जी" न म्हणता "बिस्किट" वाचते. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "रट्टा मारती है." तसं नाही. तिला कळलंय की या वेड्यावाकड्या रेघा काहीतरी बोलतात, आणि प्रत्येक वेळी तेच बोलतात. अक्षर ओळखण्याच्या आधीची पायरी ती हीच. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी 1966 मध्ये याच काळावर प्रबंध लिहिला. क्लेबाई पोराच्या हातात पुस्तक उलटं देऊन बघत, की ते सुलटं करतं का. आज मीही दिलं. चिमीनं सुलटं केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मलाच वाचता येत नसावं.

घराच्या फाटकापाशी उतरलो तर ती पाटीसमोर उभी. सासऱ्यांनी रंगवून घेतलेली पाटी: काळे. पेंटरला ळ येत नव्हता म्हणे. सासऱ्यांनी भिंतीवर खडूनं काढून दाखवला, त्यानं बघून बघून रंगवला, म्हणून तो बाकीच्या अक्षरांपेक्षा जरा लठ्ठ आहे.

"आई, हा चष्मा कुठला?"

"तो ळ. आपल्या नावातला."

"माझ्या कॉपीवर चष्मा नाही."

खरंच नाही. शाळेत 'काले' लिहिलंय, आधार कार्डावरही 'काले'. हिंदी शाळेच्या तक्त्यात ळ नसतो, मग लिहिणारा ल लिहून मोकळा होतो. वर्गातला एक पोरगा तिला "काले, काले" म्हणून चिडवतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, काळे म्हणजे तरी दुसरं काय?" तेही खरं.

चिमीनं जाहीर केलं की उद्यापासून ती रस्त्यावर चष्मा शोधणार.

6 जुलै, आषाढी

गोलबाजारच्या दत्तमंदिरात जायचं होतं. पाऊस असा, की गल्लीतलं पाणी उंबऱ्याशी. साबुदाण्याची खिचडी झाली, वीज गेली, आणि सासूबाईंनी भेंड्या काढल्या. गाण्यांच्या नाहीत, शब्दांच्या. शब्दाचं शेवटचं अक्षर घ्यायचं आणि पुढचा शब्द सांगायचा.

चिमीसाठी आधी टाळ्या. चि-मी, दोन टाळ्या. आ-जी, दोन. खि-च-डी, तीन. क-म-ळ, तीन. आपली लिपी इथे पोरांवर मेहेरबान आहे. इंग्रजी 'कॅट'चे तीन आवाज वेगळे काढायला सांगा, चार वर्षांचं पोर अडकतं. पण क-म-ळ तोडायला त्याला कुणी शिकवावं लागत नाही, कारण तोंड जिथे तुटतं बहुतेक तिथेच आपलं अक्षर तुटतं. कानाला हे आधी कळलं की डोळ्यांचं काम निम्मं होतं. म्हणून लेखनाच्या वहीआधी भेंड्या, बडबडगीतं, उखाणे. आमच्या आज्या हे करायच्या, कुठलाही अभ्यासक्रम न वाचता.

सासूबाई लबाड. दर वेळी ळ वर संपवायच्या. बाभूळ. वादळ. सकाळ. आम्ही अडायचो.

"आजी, ळ नं सुरू होणारं तूच सांग."

"नसतं बाळा. मराठीत ळ नं काही सुरू होत नाही."

"कधीच?"

"कधीच."

चिमी जरा गप्प बसली. मग म्हणाली, "बिचारा. त्याला कुणी लाइनमध्ये पुढे घेतच नाही."

सासूबाईंना वाईट वाटलं असावं. त्यांनी सांगितलं की ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत ळ आहे, म्हणजे मान मोठा आहे त्याचा. चिमीला ऋग्वेद म्हणजे काय ते माहीत नाही, पण मान मोठा आहे हे तिनं ऐकलं.

11 जुलै

सासूबाईंचं माहेर अमरावती. त्यांच्या लहानपणी घरात ताराबाई मोडकांचं नाव असायचं, कारण ताराबाईंचे यजमान अमरावतीचे वकील. मी डी.एड.ला ताराबाईंवर टीप लिहिली होती. सासूबाई त्यांच्याबद्दल दूरच्या नातलगासारखं बोलतात.

टिपेत होतं ते असं. जन्म 1892. राजकोटच्या कॉलेजातलं काम सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या, 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ. 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र, पुढे कोसबाडचा डोंगर, सोबत अनुताई वाघ. टिपेत एवढ्यावर पाच मार्क मिळाले.

पण टिपेत नव्हतं ते आज लक्षात येतंय. माँटेसोरीबाईंचं साहित्य महाग, लाकडी, परदेशी घडणीचं. ते बोर्डीच्या पोरांना कुठून मिळणार? मग यांनी शिंपले, बिया, पानं, काड्या, चिंचोके घेतले. वस्तीतली पोरं शाळेत येईनात, तर शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला, आणि 1975 पासून सरकारी योजनेतून तो देशभर गेला. आपल्या कोपऱ्यावरच्या अंगणवाडीच्या भिंतीवरही तो आहे, इथे हिंदी शब्द म्हणून.

मग माझ्या घरात काय आहे? मी शिंपीण. बटणं, हुक, काज, चिंध्या, बकरम. आज एका डब्यात सगळी बटणं ओतली आणि चिमीला निवडायला दिली. दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. मग मोठ्या सुईत दोरा ओवून माळ. अर्धा तास मान वर केली नाही तिनं. याच बोटांनी ठिपक्यांवरची रेघ तिसऱ्या ओळीला सोडून दिली होती. बोटांत बळ येऊ द्यावं, पेन्सिल नंतर द्यावी. कणीक मळायला द्यावी, शेंगा सोलायला द्याव्यात. हे सांगायला कुठला तज्ज्ञ लागत नाही, पण शाळेच्या कागदासमोर ते विसरायला होतं.

माँटेसोरीबाई काचकागदाची अक्षरं करायच्या, पोरानं बोट फिरवून आधी अंगाला शिकवायचं. आमचे हे कारखान्यातून रेगमालचे तुकडे आणतो म्हणाले. मी म्हटलं, नको, बोटं सोलतील. बकरमची ग, म, भ, न कापली आणि पुठ्ठ्यावर चिकटवली. शाळेत क-ख-ग, आपल्याकडे जुनी माणसं ग-म-भ-न पासून सुरू करत, कारण ती वळणाला एकमेकांची भावंडं. कानासाठी क-ख-ग चांगलं, हातासाठी ग-म-भ-न. ळ कापायला बसले तर दोन गोल आतून कोरायला नखं दुखली. सोडून दिला.

15 जुलै

आज काही नाही. चार ब्लाउज, एक फॉल, ताप. चिमीला आजीनं वाचून दाखवलं. तेच पुस्तक, सलग नववी रात्र. मी एकदा कंटाळून पान गाळलं होतं तर पकडली गेले. पोराला पुढचं माहीत असतं म्हणूनच त्याला ते हवं असतं. आपण थांबलो तर वाक्य तीच पुरं करते, आणि तेव्हा तिचं बोट बरोबर त्या शब्दाखाली असतं. दहाव्या रात्रीलाही तेच वाचणार.

20 जुलै, रविवार

ह्यांना मी महिनाभर म्हणतेय की पोरीला गोष्ट सांगा. हे म्हणतात, "मला येत नाही. मला ट्रक येतो."

"मग ट्रक सांगा."

आणि सांगितला. आजोबांच्या हातचा शक्तिमान ट्रक. इथेच जबलपुरात बनायचा, लष्कराचा. तो घाटात कसा अडकला, बर्फात कसा चालू झाला नाही, ड्रायव्हर काकांनी त्याला चहा कसा पाजला. हा शेवटचा भाग आजोबांनी सांगितलेला नसणार. चिमी उठून बसली. दर दोन वाक्यांनी "मग?" म्हणाली.

पुरुषांना वाटतं गोष्ट म्हणजे ससा-कासव, आणि ती बायकांनी सांगायची. पोराला बाबांच्या तोंडचे शब्द हवे असतात: क्लच, चढ, इंजीन, पाना. हे शब्द माझ्याकडे नाहीत. ज्या घरात एकच माणूस पोराशी बोलतं, तिथे पोराच्या पदरात शब्दही एकाच माणसाचे पडतात.

सकाळी चिमीनं ती गोष्ट मला सांगितली, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. मी तिच्यासमोर कागदावर जशीच्या तशी उतरवली. "ट्रक बोला मला चाय पाहिजे." सुधारलं नाही. हात शिवशिवत होता, तरी नाही. मग बोट ठेवून वाचून दाखवलं. तिचे डोळे! मी बोलले ते कागदात गेलं आणि परत आलं! न्यूझीलंडच्याच सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर माओरी पोरांना रोज त्यांच्याच मनातला एकेक शब्द कार्डावर लिहून देत. 1963 मध्ये त्यांनी 'टीचर' पुस्तकात ते लिहिलं. तिथे पोरं कुठले शब्द मागायची कुणास ठाऊक. आमच्या पोरीनं मागितला 'ट्रक'. कार्ड उशाखाली आहे.

29 जुलै, नागपंचमी

पाटावर हळदीनं नाग काढला. चिमीनं शेजारी वेटोळी काढली, पानभर. "हे काय?" "मी लिहिलं. नागोबाला पत्र." मी वाचायला सांगितलं तर गडगडा वाचलं, डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की खाली. अक्षर एकही नाही. पण ओळ कुठून सुरू होते आणि कुठे वळते ते तिला ठाऊक आहे. शाळेच्या कागदाला यात शून्य मार्क. मी ते पत्र फ्रिजवर लावलं.

आणि तिनं विचारलं, ल दोन प्रकारचे का? शाळेच्या पुस्तकातला वेगळा, राधाच्या पुस्तकातला वेगळा. मी नऊ वर्षं दोन्ही वाचतेय, मला कधी दिसलं नव्हतं. महाराष्ट्र शासनानं 2009 मध्ये मराठी अक्षरांची वळणं ठरवून देणारा निर्णय काढला होता, त्यात ल आणि श चं मराठी वळणही होतं. चिमीला एवढंच सांगितलं की ल चे इथे एक कपडे, नागपूरला दुसरे.

चष्मा अजून रस्त्यावर सापडलेला नाही. घमापूर चौक, कांचघर, सतपुला, सगळीकडे बघून झालं. कुठे 8 आकडा दिसला की ओरडते, मग स्वतःच "नाही" म्हणते.

2 ऑगस्ट

शेजारी भाभींकडे मोबाइलवर एबीसीडीची गाणी लावून ठेवतात, पोरगं अडीच वर्षांचं, सव्वीस अक्षरं म्हणून दाखवतं. पाहुणे टाळ्या वाजवतात. त्याला तहान लागली तर मात्र बोट दाखवून उं-उं करतं. मला कुणाला शिकवायचं नाही. पण मोबाइल त्याचं ऐकत नाही, हे भाभींना एकदा सांगायला हवं.

माझंही सांगते. चिमीनं काल विचारलं, "आई, तू का नाही वाचत?" तिला मी मशीनवर, गॅसवर, फोनवर दिसते. पुस्तक घेतलेली दिसते ती फक्त तिच्यासाठी. मोठ्या माणसांनी आपल्यापुरतं वाचायचं असतं हे तिनं घरात कधी पाहिलंच नाही. आज जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं मासिक घेऊन बसले. अवघड गेलं. डोळे पिको राहिलेल्या साडीकडे जात होते.

6 ऑगस्ट

राखीला तीन दिवस. ब्लाउज अकरा. आज शिकवणं, वाचणं, काही नाही. चिमीला म्हटलं, समोर बस, बटणं खेळ, मला हाक मारू नकोस.

ती मापाची वही घेऊन बसली. मी मशीनवर. ही वही मी नागपूरला शिकले तशीच लिहिते, मराठीत. गिऱ्हाईक हिंदीत सांगतं, माझा हात मराठीत लिहितो. उंची 14. छाती 36. कंबर 31. खांदा 14. बाही 10. मग ती दोन मापं, जी दर पानावर असतात.

मशीनच्या आवाजात मला आधी ऐकू आलं नाही.

"आई. चष्मा."

मी म्हटलं, "शोध, शोध."

"आई, चष्मा इथे आहे. खूप आहेत."

मशीन थांबवलं. तिचं बोट पानावर. पुढचा गळा 6. मागचा गळा 8. पान उलटलं. पुढचा गळा. मागचा गळा. शंभर पानं आणि प्रत्येक पानावर दोन. महिनाभर हे पोर अख्खं घमापूर पालथं घालतंय, आणि ळ माझ्या मांडीवर होता.

मी काही बोलले नाही. पाच आकडे मोजायची सवय झालीय. ती बोट मागे घेऊन गेली. "हा ग. गणपतीचा." बोट पुढे. "हा चष्मा… ळ." काना तिला 'बाबा'मधून माहीत. तोंडातल्या तोंडात दोन वेळा. मग जोरात: "गळा!" आणि स्वतःच्या गळ्याला हात लावला.

कागदाकडून सुरू झालं आणि गळ्यापाशी आलं. अंदाज नाही, चित्र नाही, पाठ केलेलं नाही. तिनं वाचलेला पहिला शब्द, आणि तो मी शिकवला नाही. मी तेव्हा कुणाच्या तरी बाहीला पायपिंग लावत होते.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग? आता ओरडून सांगशील सगळ्यांना." मी ह्यांना फोन केला. मागून यंत्रांचा आवाज. हे म्हणाले, "काय? कुणाचा गळा?"

12 ऑगस्ट

राखी झाली. अकराच्या अकरा ब्लाउज गेले, एकाची बाही परत आली.

चिमीनं स्वतःची मापाची वही केली. माझ्या जुन्या वहीची कोरी पानं, टाचणीनं टोचलेली. गिऱ्हाईक आलं की टेप घेऊन पुढे. आज बेलबागच्या एका ताईंना उभं करून म्हणाली, "आंटी, आपका पुढचा गळा कितना?" ताई म्हणाल्या, "गला, बेटा." चिमीनं त्यांना वही दाखवली. "नहीं, ये गला नहीं. ये गळा है. देखो, चष्मा." ताईंनी चष्मा लावून पाहिलं आणि दोन-तीनदा म्हणून बघितलं. त्यांना जमेना. गल्ला झालं, गड़ा झालं. चिमी हसली नाही. तिनं जीभ वर कशी वळवायची ते तोंड उघडून दाखवलं.

तिच्या वहीत असं आहे: वेटोळी, 8, ग, वेटोळी, ळ, ळ, ळ, ट्रकचं चित्र.

ठिपक्यांचा कागद अजून रोज येतो. मी बाईंना जाऊन सांगितलं, घरी तिला रडवून पुरा करणार नाही, जेवढा झाला तेवढा पाठवीन. आणि मराठीही बोलत राहू. मी आवाज चढवला नाही. बाई "ठीक है, आप देख लीजिए" म्हणाल्या. परवानगी होती की वैताग, कळलं नाही.

19 ऑगस्ट

चिमीच्या हिंदी कॉपीवरचं लेबल: नाव, कक्षा, आणि 'काले'. काल रात्री कधीतरी तिनं त्यातल्या ल वर पेन्सिल गिरवून, दोन्ही बाजूंना गोल देऊन, त्याचा चष्मा केला. वाकडा, लठ्ठ, आजोबांच्या पाटीवरचा असतो तसा. मला सकाळी दप्तर भरताना दिसलं. खोडरबर हातात घेतला होता, परत ठेवला.

दुपारी कॉपी परत आली. ळ भोवती लाल शाईचा गोल. चिमी गोल दाखवत घरात आली. तिला वाटलं, बाईंना आवडला.